निरोप पोहोचवणारी मुलगी

"आमचे एकमेकांवर प्रेम आहे, तरी बोलायला बसलो की भांडणच होते. मग प्रेम आटले असे समजायचे का?" हा प्रश्न माझ्याकडे येणारी अनेक जोडपी विचारतात. येथे त्यांतील एका जोडप्याचा अनुभव सांगतो. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

डोंबिवलीत राहणारे, महाविद्यालयापासून एकमेकांना ओळखणारे, लग्नाला अकरा वर्षे झालेले हे दांपत्य आले तेव्हा त्यांच्यातील अबोल्याचा नववा दिवस होता. नवऱ्याने गावी भावाला पंचवीस हजार रुपये पाठवले होते आणि बायकोला ते बँकेच्या संदेशावरून कळले होते. "माझी या घरात किंमत काय?" असे ती म्हणाली, "तुला काही सांगण्यात अर्थच नाही," असे म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्यानंतर घरातील सगळे व्यवहार दुसरीत शिकणाऱ्या मुलीच्या मार्फत होऊ लागले. "बाबांना सांग, गीझर चालू आहे," "आईला विचार, चावी कुठे आहे," असे निरोप ती बिचारी या खोलीतून त्या खोलीत नेत होती.

पहिल्या भेटीत माझे लक्ष आवाजापेक्षा सर्वनामांकडे गेले. एरवी एकमेकांना 'अरे-तुरे' करणारी ही दोघे त्या दिवशी "यांनाच विचारा," "त्यांना वाटेल ते त्यांनी सांगावे," अशा भाषेत बोलत होती. राग आला की माणूस ओरडतो असे आपण धरून चालतो, पण आपल्याकडे राग पुष्कळदा आदरार्थी बहुवचनातून येतो. माझी आई वडिलांना जन्मभर 'अहो' म्हणाली आणि तिच्या तोंडी तो शब्द मायेचाच होता. तेव्हा दोष शब्दाचा नाही, नेहमीची हाक बदलते तेव्हा समोरच्याला अंतर जाणवते.

मी दोघांना फोनमधील जुने संदेश मोठ्याने वाचायला सांगितले. "कुठे पोहोचलास?" हा तिचा संदेश बऱ्या आठवड्यातही होता आणि भांडणाच्या आठवड्यातही होता. पहिल्याला "ठाणे. भाजी आणू का?" असे उत्तर होते, दुसऱ्याला नुसते "ट्रेनमध्ये." प्रश्न तोच असूनही पहिल्यांदा त्याला त्यात काळजी ऐकू आली आणि दुसऱ्यांदा उलटतपासणी. मन निवांत असते तेव्हा ऐकणारा आपणच अर्धे वाक्य चांगल्या अर्थाने पूर्ण करतो; रागात मात्र पूर्ण वाक्यही त्याला पुरत नाही.

दुसऱ्या भेटीत ती चिडून म्हणाली, "याला काही फरकच पडत नाही, नुसता दगडासारखा बसतो." तो खरोखरच शांत दिसत होता. मी त्याला मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजायला लावली. हिशेब मिनिटाला 116 ठोक्यांचा निघाला, आणि तो आकडा ऐकून ती गप्प झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या संवादाचा अभ्यास करताना हृदयाचे ठोकेही मोजले होते. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेता येत नाही आणि शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटे लागतात, असे ते सांगतात. गप्प बसणारा माणूस बेफिकीर असतोच असे नाही. कित्येकदा तो आतून पुरता गडबडलेला असतो.

म्हणून मी त्यांना विराम घ्यायला सांगितले, पण अबोला आणि विराम यांतला फरकही नीट समजावला. विरामाला परतण्याची वेळ असते: "मला अर्धा तास दे, साडेनऊला बोलू," असे सांगायचे, आणि ज्याने वेळ मागितली त्यानेच आपणहून परत यायचे. मधल्या वेळात मुद्द्यांची उजळणी करायची नाही. भांडी घासावीत किंवा खाली चक्कर मारावी. पहिला प्रयत्न फसला, कारण हे गृहस्थ अर्ध्या तासाऐवजी दोन तासांनी उगवले. तिसऱ्या-चौथ्या खेपेस जमू लागले.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही, हे येथेच सांगायला हवे. जेथे रागाबरोबर मारहाण, धमकी किंवा सततची भीती आहे, तेथे प्रश्न संवादाचा नसून सुरक्षिततेचा असतो आणि तेथे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार घ्यावा. या दोघांशी स्वतंत्रपणे बोलून तसे काही नाही याची खात्री मी आधीच करून घेतली होती.

तिच्या वाक्यावर काम करायला अधिक वेळ लागला. "माझी किंमत काय?" याला कोणता नवरा काय उत्तर देणार? त्या प्रश्नाआड नेमके काय मागायचे होते, हे मी तिला पुनःपुन्हा विचारत राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पैसे पाठवू नका असे मी म्हटलेच नसते, पण यांनी मला आधी... तू मला आधी सांगायला हवे होतेस." वाक्य माझ्याकडे पाहून सुरू झाले होते आणि त्याच्याकडे वळून संपले. तो म्हणाला, "तू नाही म्हणशील, म्हणून घाबरलो."

आता मुलीकडे निरोप देणे थांबले आहे. भावाला दरवर्षी किती पैसे द्यायचे, यावर मात्र दोघांचे अजून एकमत नाही. पुढची भेट त्या हिशेबासाठी ठेवली असून दोघांनीही वही घेऊन यायचे कबूल केले आहे.