वाचकांचे प्रश्न : जुना नेमबाजीचा खेळ, नवा पडदा

प्रश्न : १९९७ साली आलेला ‘गोल्डनआय ००७’ हा जेम्स बाँडचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आम्ही दोघे भाऊ निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळत मोठे झालो. आता तो एक्सबॉक्सवर पुन्हा उपलब्ध झाला आहे आणि माझा मुलगा तो सर्वांत सोप्या ‘एजंट’ पातळीवर खेळतो. ‘डबल-ओ एजंट’ ही कठीण पातळी पार केल्याखेरीज खेळ पुरा झाला असे म्हणू नये, आणि नव्या आवृत्तीतून सोपी पातळी काढूनच टाकायला हवी होती, असे माझ्या धाकट्या भावाचे ठाम मत आहे. आपल्याला काय वाटते?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या बंधूंचा या खेळावरचा जीव मला समजतो, परंतु त्यांची मागणी मला मान्य नाही आणि त्याचे कारण याच खेळाच्या रचनेत सापडते. रेअर या ब्रिटिश कंपनीने पातळ्या ठरवताना शत्रूच्या गोळ्या अधिक घातक करण्यावर भागवले नाही, तर खेळाडूचे कामच वाढवत नेले. ‘डॅम’ ही पहिलीच मोहीम पाहा. ‘एजंट’ पातळीवर धरणावरच्या फलाटापर्यंत पोहोचून दोरीच्या आधारे खाली झेप घेतली की मोहीम फत्ते होते. ‘सीक्रेट एजंट’वर त्याआधी धोक्याचे सगळे भोंगे निकामी करावे लागतात, आणि ‘डबल-ओ एजंट’वर गुप्त मोडेम बसवण्याची व शत्रूची साठवलेली माहिती हस्तगत करण्याची भर पडते. धरण तेच, बोगदे तेच. म्हणून सोप्या पातळीवर धावत सुटलेला आपला मुलगा प्रत्येक वळण आणि प्रत्येक पहारेकरी नकळत पाठ करत असतो, आणि हीच पाठांतराची शिदोरी त्याला पुढच्या पातळीवर उपयोगी पडणार आहे. सोपी पातळी काढून टाकणे म्हणजे जिन्याची खालची पायरी काढून मग चढायला सांगणे.

शिवाय वीसही मोहिमा ‘डबल-ओ एजंट’वर पार करणाऱ्याला या खेळात काय मिळते, हे आपल्या बंधूंना आठवत असेल. ‘००७’ नावाची चौथी पातळी उघडते आणि तिच्यात शत्रूची ताकद, त्याच्या गोळीने होणारी इजा, त्याचा नेम आणि त्याची चपळाई या चारही गोष्टी खेळाडू स्वतः कमी-जास्त करू शकतो. काठिण्य ठरवण्याचा अधिकार खेळाडूकडे सोपवण्याची कल्पना आजच्या पिढीची आहे, असे जे म्हटले जाते, ते या एका उदाहरणावरूनही टिकत नाही.

काळजी करायचीच असेल तर वेगळ्या गोष्टीची करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ‘फॅसिलिटी’ ही मोहीम ‘डबल-ओ एजंट’वर २ मिनिटे ५ सेकंदांत संपवली, तर खेळाडूला कोणत्याही गोळीने न मरण्याचे वरदान मिळते. तेथे डॉक्टर डोक या गुप्त सहकाऱ्याची गाठ घ्यावी लागते आणि तो दर वेळी प्रयोगशाळेच्या कोणत्या भागात उभा असेल, हे नशिबावर असते. त्यामुळे निव्वळ कौशल्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी या मोहिमेपाशी जरा थांबावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूळ यंत्रावर पडद्यावर गर्दी झाली की चित्र अडखळत असे. विक्रमी वेळेच्या मागे असलेले खेळाडू म्हणूनच जमिनीकडे नजर लावून धावत, कारण यंत्राला रेखाटायला कमी उरले की खेळाचा अडखळा कमी होत असे. २७ जानेवारी २०२३ रोजी आलेल्या एक्सबॉक्सवरील आवृत्तीत चित्र रेखीव झाले आणि वेगही स्थिर झाला. खेळ डोळ्यांना सुखावतो हे खरे, पण नजर खाली ठेवून धावण्याची ती मेहनतीने कमावलेली युक्ती तेथे निरुपयोगी ठरते. जुन्या यंत्रावरची वेळ आणि नव्या यंत्रावरची वेळ एकाच तक्त्यात मांडणे म्हणूनच मला योग्य वाटत नाही. मुलाने कोणती पातळी निवडली यापेक्षा हा बदल मूळ खेळाच्या कितीतरी अधिक जिव्हारी लागणारा आहे. आपल्या बंधूंकडे ते जुने यंत्र अजून असेल, तर त्यांनी ते माळ्यावरून काढून पुतण्याला त्यावर ‘फॅसिलिटी’ खेळून दाखवावी.

प्रश्न : लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमबरोबर प्लास्टिकची बंदूक मिळायची आणि तिने बदके टिपायची असत. ती मी जपून ठेवली आहे, पण आताच्या सपाट टीव्हीवर एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडली असेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बंदूक बहुधा धडधाकट आहे. तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही; ती फक्त प्रकाश पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. त्याच क्षणी नळीतल्या काचेला उजेड दिसला, तर नेम लागला असे यंत्र मानते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र तत्क्षणी उमटत असे. सपाट टीव्ही ते आधी स्वतःपाशी घेऊन त्यावर प्रक्रिया करतो, त्यामुळे चौकोन उशिरा उमटतो आणि तोवर यंत्राने ‘नेम चुकला’ असा निकाल दिलेला असतो. शेजारीपाजारी कोणी ट्यूबचा टीव्ही भंगारात काढत असेल, तर तो अवश्य मागून घ्या आणि त्यावर बंदूक पुन्हा जोडून पाहा.