सतरा वर्षांनी वर येणारा किडा आणि त्याच्यासाठी वर येणारा कार्प: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सिकाडाच्या (म्हणजे तेरा किंवा सतरा वर्षं जमिनीखाली राहून एकदम वर येणारा किडा) हंगामातल्या फ्लाय फिशिंगबद्दल, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाने, फ्लायने, मासे पकडण्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न: मी 2022 मध्ये मेरीलँडला आलो आणि फ्लाय फिशिंग त्यानंतर शिकलो. नदीवर भेटणारा प्रत्येक जण 2021 च्या सिकाडाच्या गोष्टी सांगतो. मी आता 2038 पर्यंत वाट बघायची का?

नाही हो, अजिबात नाही. 2021 ला आली ती ब्रूड टेन, ती तुमच्या भागात परत 2038 लाच येणार हे खरंय, पण ब्रूड म्हणजे एका वर्षी एकत्र वर येणारी पिढी आणि अशा पंधरा ब्रूड अमेरिकेच्या पूर्व भागात आज आहेत, दर सतरा वर्षांनी येणाऱ्या बारा आणि दर तेरा वर्षांनी येणाऱ्या तीन, प्रत्येकीचं वर्ष वेगळं आणि पट्टाही वेगळा. 2024 ला इलिनॉयमध्ये तर तेरा नंबरची आणि एकोणीस नंबरची अशा दोन ब्रूड एकाच उन्हाळ्यात आल्या, असं आधी 1803 ला झालं होतं. 2025 ला ब्रूड फोर्टीन आली, केंटकी, टेनेसी, ओहायो, पेन्सिल्व्हेनिया वगैरे. 2026 रिकामं आहे, 2027 ला लुइझियाना-मिसिसिपीकडे तेरा वर्षांची ब्रूड आहे. तुमच्यासाठी कामाची वर्षं म्हणजे 2029 आणि 2030. 2029 ला ब्रूड वन, ती व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात, आणि 2030 ला ब्रूड टू, तिचा पट्टा कनेक्टिकटपासून खाली नॉर्थ कॅरोलिनापर्यंत, म्हणजे गाडीने जाण्यासारखं अंतर आहे. आत्तापासून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मे अखेर ते जून मधली सुट्टी मागून ठेवा, मी खरंच सांगतोय.

एक मात्र सांगतो, काही सिकाडा वेळेच्या आधी येतात. ब्रूड टेनमधले बरेच 2017 लाच, म्हणजे चार वर्षं आधी, वॉशिंग्टनच्या आसपास दिसले होते. पण असे थोडेथोडके किडे पक्षीच संपवतात, त्यांच्या भरवशावर नदीचा बेत करू नका.

प्रश्न: 2025 ला पेन्सिल्व्हेनियात कार्प पकडायचा खूप प्रयत्न केला. मासा फ्लायपर्यंत येतो, तोंड उघडतो, मी रॉड उचलतो आणि फ्लाय मोकळीच हातात येते. दिवसभरात नऊ वेळा झालं. काय चुकतंय?

तुम्ही घाई करताय, आणि मी पण अगदी हेच केलं होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

2021 च्या जूनच्या सुरुवातीला मी पोटोमॅक नदीवर होतो. काठाच्या झाडाखाली पाणी जवळजवळ थांबलेलं, आणि वरून एक सिकाडा पडला, पाठीवर उलटा, पंख पसरलेले, आणि तिथल्या तिथे फडफडत गोल फिरायला लागला, त्याच्याभोवती बारीक बारीक वलयं. खालून एक सावली आली. कार्प एरवी तळाला तोंड घालून चिखल उकरणारा मासा, त्याचं तोंडच खालच्या बाजूला असतं, त्यामुळे वरचं खाणं त्याला सोपं नाही, त्याला अंग तिरकं करून ओठ पाण्याबाहेर काढावे लागतात. मला ते जाड ओठ आणि बाजूच्या मिशा स्वच्छ दिसल्या, तोंड गोल उघडलं, सिकाडा पाण्यासकट आत गेला, चुप असा छोटासा आवाज झाला आणि मग, लक्ष द्या, मासा तसाच वर थांबला. तोंड मिटायला आणि डोकं खाली वळायला एक-दोन सेकंद गेले. मी माझ्या फ्लायवर तोंड उघडलेलं दिसलं की रॉड उचलत होतो, म्हणजे उघड्या तोंडातून फ्लाय मीच बाहेर ओढत होतो.

बास हा शिकारी मासा झडप घालतो, कार्प ओढून घेतो, हा फरक आहे. तेव्हा तोंड मिटू दे, डोकं खाली जाऊ दे, मग हिसका न देता लाईन ताणत रॉड उचला. हे वाचायला सोपं वाटतं पण समोर दहा पौंडाचा मासा तोंड उघडून उभा असताना हात आवरणं फार अवघड जातं, सवयीनेच जमतं.

दुसरं म्हणजे फ्लाय माशाच्या डोक्यावर टाकू नका. तो ज्या दिशेने चाललाय तिकडे दोन-तीन फूट पुढे टाका आणि त्याला येऊ दे. बासला धप्प असा आवाज आवडतो, कार्प मात्र बिचकतो. फ्लाय सहा किंवा चार नंबरच्या गळावर काळ्या फोमची, पोटाला थोडा नारिंगी रंग, रबराचे पाय, आणि ती पाण्यावर उंच तरंगायला नको, पोट पाण्यात बुडलेलं हवं. सिकाडासारखे लाल डोळे नसले तरी चालतं कारण मासा खालून बघतो. रॉड सात किंवा आठ वेटचा (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा नंबर), लीडरचं, म्हणजे लाईन आणि फ्लायच्या मधल्या बारीक दोरीचं, टोक दहा-बारा पौंड ताण सोसणारं. पातळ लीडर घेऊन गेलात तर माशाच्या पहिल्याच धावेत तुटेल आणि मासा गळ तोंडात घेऊन जाईल, ते मला बघवत नाही.

प्रश्न: हे सिकाडा चावतात का? आणि हे टोळच ना?

चावत नाहीत, डंखही नाही. टोळ नाहीत आणि रातकिडेही नाहीत, आवाज ऐकून तसं वाटतं एवढंच.

प्रश्न: दोन आठवडे मासे वेड्यासारखे खात होते, मग एकदम थंड पडले. सिकाडा तर अजून पडत होते. असं का?

पोट भरलं हो त्यांचं. सिकाडाचा सगळा डावच तो आहे, एका एकरात पंधरा लाखांपर्यंत किडे वर येतात, ना पळता येतं धड ना लपता येतं, पण इतके येतात की खाणारे थकतात आणि उरलेले अंडी घालून जातात. माशांचं पण तेच होतं. अशा दिवसांत मी भर दुपार सोडतो आणि सकाळी साधारण दहाच्या सुमाराला, ऊन लागून किडे नुकते उडायला लागलेले असतात तेव्हा जातो, रात्रभरात माशाला परत भूक लागलेली असते. आणि फ्लायला अधूनमधून किंचित थरथर द्या, मेलेल्या किड्यांच्या गर्दीत जिवंत वाटणारा उठून दिसतो. थंड पावसाचा दिवस असेल तर मात्र किडे झाडावरच बसून राहतात, तेव्हा नेहमीच्या फ्लाय न्या.

प्रश्न: ट्राऊटच्या, म्हणजे थंड पाण्यातल्या माशाच्या, नदीवर पण हे चालतं का?

चालतं की. मेरीलँडच्या गनपावडर फॉल्स नदीवर 2021 ला ट्राऊटनी सिकाडा घेतले, तिथे धरणाच्या तळातून थंड पाणी येतं. पण जिथे असं थंड पाणी नाही तिथे थर्मामीटर सोबत ठेवा आणि पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राऊट सोडून द्या, दमलेला मासा कोमट पाण्यात सोडला की डोळ्यादेखत पोहत जातो आणि नंतर मरतो. त्या दिवशी कार्प आणि स्मॉलमाऊथ बासकडे वळा, त्यांना चालतं. आणि मेरीलँडमध्ये फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे बूट 2011 पासून बंद आहेत, एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून, तेव्हा रबरी तळाचेच घ्या.

प्रश्न: 2029 ला जायचं नक्की केलंय. पण नेमका दिवस आणि जागा कशी शोधायची?

आठ इंच खोलीवर मातीचं तापमान 18 अंशाच्या आसपास गेलं आणि एखादा कोमट पाऊस झाला की संध्याकाळी सिकाडा वर यायला लागतात. झाडांच्या बुंध्याशी बोटभर रुंदीची भोकं दिसतील, खोडावर पिवळट टरफलं चिकटलेली दिसतील. त्या दिवशी लगेच नदीवर पळू नका. अंग कडक व्हायला आणि नर गायला लागायला चार-पाच दिवस जातात, आणि पाण्यात पडायला लागले तरी माशांना ही गोष्ट खायची आहे हे कळायला आणखी थोडे. पहिला आवाज ऐकल्यावर साधारण आठवड्याने मी निघतो.

आणि जागेचं म्हणाल तर नकाशावर सगळा जिल्हा रंगवलेला असतो पण किडे ठिपक्याठिपक्यांनी असतात, जिथे सतरा वर्षांत झाडं तोडली तिथे काहीच नाही आणि मैलभर पुढे कान बधिर होतील इतके. म्हणून नदीच्या कडेच्या रस्त्याने गाडीच्या काचा खाली करून हळू चालवत जा, आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे थांबा, आणि त्याच्या जरा खालच्या अंगाला, प्रवाह वळून जिथे फेस साचतो त्या डोहापाशी रॉड न उघडता वीस मिनिटं नुसते उभे रहा. फेसात काळे ठिपके दिसले आणि त्यातला एखादा नाहीसा झाला की मग रॉड जोडायला घ्या.