फोनमार्फत फोन टॉवरपर्यंत: रिलेच्या पेटंट तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले हे प्रश्न एकाच विषयाचे आहेत, म्हणून एकत्र घेतले आहेत. रेंज नसलेला फोन शेजारच्या फोनला मध्ये घेऊन टॉवरशी बोलतो, त्याला मोबाइल रिले म्हणतात. खाली रेंज नसलेल्याला ‘दूरचा फोन’ आणि मधल्याला ‘रिले फोन’ म्हटले आहे. क्लेम म्हणजे ज्या गोष्टीला संरक्षण मागितले आहे ती सांगणारे अर्जातले क्रमांकित वाक्य, तपशील म्हणजे अर्जातले शोधाचे सविस्तर वर्णन, आणि कलमे भारतीय पेटंट कायद्यातली आहेत.

प्रश्न: आमचे दोघांचे स्टार्टअप आहे. तळघरातल्या पार्किंगमधला फोन रॅम्पवरच्या एखाद्या फोनमार्फत डेटा पाठवतो, असा आमचा अर्ज आहे. क्लेम १ असा: ‘रेंज नसलेले उपकरण जवळच्या उपकरणांपैकी सर्वांत चांगला सिग्नल असलेले निवडते व त्याच्यामार्फत बेस स्टेशनला डेटा पाठवते.’ तपासणी अहवाल म्हणतो, डी१ आणि डी२ (परीक्षकाने दाखवलेले आधीचे दोन दस्तऐवज) एकत्र वाचता यात इन्व्हेंटिव्ह स्टेप (तज्ज्ञाला सहज सुचली नसती अशी पायरी) नाही. आमच्या तपशिलात आणखी एक गोष्ट आहे. टॉवरचा सिग्नल किती वेगाने बदलतोय ते रिले फोन मोजतो आणि आपण अजून किती सेकंद टिकू, हे घोषणा-संदेशातच सांगतो. उत्तर काय द्यावे? (ऐरोली)

उत्तर: क्लेम १ आहे तसा टिकणार नाही, त्याच्या बचावात वेळ घालवू नका. ग्राहकाच्या हातातल्या उपकरणाने दुसऱ्याचा डेटा पुढे ढकलणे ही कल्पना मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या कागदांत १९९९ सालीच ओडीएमए या नावाने आहे. त्याच मानकांच्या रिलीज १२ या आवृत्तीत फोन-ते-फोन थेट संवाद आला. रिलीज १३ मध्ये सार्वजनिक सुरक्षेसाठी फोन-ते-नेटवर्क रिले आला आणि त्यात दूरच्या फोनने सिग्नलच्या जोरावर रिले निवडायचा, हे स्पष्ट लिहिले आहे. रिलीज १७ ने हेच ५जीमध्ये आणले. ‘चांगला सिग्नल असलेला निवडतो’ एवढेच म्हणणारा क्लेम परीक्षक दहा मिनिटांत पाडेल, आणि ते योग्यच आहे.

तुमचे खरे काम त्या ‘किती सेकंद टिकू’मध्ये आहे. उदाहरणाने पाहू. रिले अ ला टॉवरचा सिग्नल उणे ९८ डीबीएम (सिग्नलच्या जोराचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर) मिळतोय, तो दर सेकंदाला २ डीबीने घसरतोय आणि उंबरठा उणे ११० आहे. म्हणजे हा फोन ६ सेकंदांत निकामी होईल; माणूस रॅम्प उतरतोय. रिले ब ला उणे १०२ च मिळतोय, पण घसरण सेकंदाला ०.२ डीबी आहे, म्हणजे ४० सेकंद मिळतील. दूरच्या फोनपासून अ जवळ आहे, त्याचा सिग्नल जोरदार येतो, म्हणून जुना नियम अ ला निवडतो, सहा सेकंदांत दुवा तुटतो, पुन्हा शोध, पुन्हा जोडणी. तुमचा नियम ब ला निवडतो. असा आकड्यांचा परिच्छेद उत्तरात आला, की परीक्षकाला फरक कुठे आहे ते दिसते. नुसते ‘आमची पद्धत अधिक कार्यक्षम आहे’ हे वाक्य शंभर उत्तरांत असते आणि त्याने काही सिद्ध होत नाही.

आता क्रम. आधी तारीख पाहा: उत्तराची मुदत अहवाल जारी झाल्यापासून ६ महिने, तुम्ही तो उघडल्यापासून नव्हे. फॉर्म ४ भरून मुदतवाढ मागता येते. उत्तरच गेले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. परदेशातही अर्ज असेल तर फॉर्म ३ (परदेशी अर्जांची माहिती) अहवालापासून ३ महिन्यांत द्यावा लागतो. उत्तराच्या गडबडीत हा हमखास राहतो.

मग क्लेमचे तुकडे करा: कोणते उपकरण, कोणत्या अटीवर, कोणता संदेश, निवडीचा नियम, पुढे पाठवणे. प्रत्येक तुकड्यासमोर डी१ आणि डी२ मधला परिच्छेद क्रमांक लिहा. जो रकाना दोन्हीकडे रिकामा राहील तो क्लेम १ मध्ये आणा. इथे कलम ५९ आडवे येते. दुरुस्तीने क्लेम अरुंद करता येतो, रुंद नाही, आणि नवा मजकूर मूळ तपशिलात असलाच पाहिजे. म्हणून मूळ कागद उघडून पाहा: घसरण किती मिलिसेकंदांच्या अंतराने मोजली, किती सेकंदांच्या खिडकीवर उतार काढला, उंबरठा कुठून आला, संदेशात त्यासाठी किती बिट ठेवले, दोन रिले बरोबरीत आले तर काय, अंदाज चुकला तर फोन कोणत्या अवस्थेत परततो. एवढे असेल तर उत्तर भक्कम होते. ‘रिले आपली स्थिरता कळवू शकतो’ असे एकच वाक्य असेल, तर कलम १०(४) खाली तपशील अपुरा असल्याचा आक्षेप वेगळा येईल.

तपशिलात ते नसेलच, तर मूळ अर्जात मागाहून घुसवता येत नाही. कलम ५४ खाली जोड-पेटंटचा मार्ग आहे. सुधारणा मूळ शोधाच्या तुलनेत इन्व्हेंटिव्ह स्टेपची नाही, एवढ्याच कारणाने जोड-पेटंट नाकारता येत नाही. मात्र ती नवी असावी लागते, मूळ पेटंट मंजूर झाल्यावरच जोड मंजूर होते आणि दोन्हींची मुदत एकत्र संपते. त्याचे वेगळे नूतनीकरण शुल्क नसते. मूळ अर्जच कोसळत असेल तर हा आधारही जातो.

डी१ आणि डी२ एकत्र का आणता येत नाहीत, हेही लिहा, पण जपून. डी१ खांबावरचा स्थिर रिले असेल, तर त्याला वीज कायम मिळते, जागा कंपनीने ठरवलेली असते आणि सिग्नलची घसरण हा प्रश्नच तिथे पडत नाही; मग डी२ मधला उपाय तिथे जोडायचे कारण काय, असा युक्तिवाद चालतो. तो तेव्हाच चालतो, जेव्हा तुमच्या क्लेममध्ये हालचालीतून आलेली अट लिहिलेली असते. नुसते ‘मोबाइल’ हे विशेषण पुरत नाही. ॲग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे, की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाकारताना कंट्रोलरने (पेटंट अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) आधीचे ज्ञान, अर्जातला शोध आणि तज्ज्ञाला तो सहज का सुचला असता, या तिन्हींचा विचार दाखवला पाहिजे. उत्तरात तुम्हीही त्याच तीन पायऱ्यांनी जा.

प्रश्न: आमचे सगळे काम फर्मवेअरमध्ये आहे, चिप बाजारातलीच. कलम ३(के) चा, म्हणजे नुसत्या संगणक प्रोग्रामला किंवा व्यवसाय-पद्धतीला पेटंट नाही, असा आक्षेप आला आहे. रिले होऊ देणाऱ्या ग्राहकाला पॉइंट मिळतात, हाही आमचा एक क्लेम आहे. (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर: पॉइंटचा क्लेम काढा. ती व्यवसाय-पद्धत ठरते आणि तिच्यामुळे बाकीच्या क्लेमकडे पाहण्याची परीक्षकाची नजरही बदलते.

चिप नवी नाही, हे आज अडचणीचे कारण नाही. पेटंट कार्यालयाच्या संगणक-शोधांवरील २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नव्या हार्डवेअरची अट होती, २०१७ च्या तत्त्वांत ती गेली. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तांत्रिक परिणाम आणि तांत्रिक योगदान पाहावे, असे सांगितले. म्हणून रेडिओवर काय बदलते ते लिहा. रिले फोन एकाच वारंवारतेवर एकाच क्षणी ऐकू आणि बोलू शकत नाही. तुमच्या वेळापत्रकाने त्याचे किती स्लॉट (वेळेचे छोटे तुकडे) वाचतात? घोषणा-संदेश किती कमी होतात? बॅटरी कुठल्या पायरीत वाचते? ही पायरी क्लेममध्येच हवी, नुसती वर्णनात असून भागत नाही. ‘संगणक प्रोग्राम उत्पादन’ आणि ‘साठवण माध्यम’ असे क्लेम भारतात ठेवू नका. अमेरिकेसाठी लिहिलेला मसुदा जसाच्या तसा इथे दाखल केला, की हे हटकून घडते.

प्रश्न: आम्ही इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. गुगलवर आमच्यासारखे काही सापडले नाही, तेव्हा कल्पना नवी समजायची का? कॉलेजच्या महोत्सवात प्रकल्प दाखवलाही आहे. (कोपरखैरणे)

उत्तर: शोध शब्दांत अडकला असणार. एकाच गोष्टीला कुणी रिले म्हणतो, कुणी रिपीटर, मल्टिहॉप, डी२डी, साइडलिंक, ॲड हॉक, को-ऑपरेटिव्ह किंवा यूई-टू-नेटवर्क. म्हणून पेटंटना विषयाप्रमाणे दिलेल्या वर्गीकरण क्रमांकाने शोधा. दुसऱ्या उपकरणांसाठी रिले करणारी टर्मिनल्स एच०४डब्ल्यू ८८/०४ मध्ये येतात, रिलेमार्फत बेस स्टेशनपर्यंतचा मार्ग निवडणे एच०४डब्ल्यू ४०/२२ मध्ये, जमिनीवरची रिले केंद्रे एच०४बी ७/१५५ मध्ये, थेट जोडणी उभारणे एच०४डब्ल्यू ७६/१४ मध्ये. हे क्रमांक एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप या पेटंट शोधायच्या संकेतस्थळांवर टाका, भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचे इनपास वापरा. मग थ्रीजीपीपीकडे वळा: टीएस २३.३०३ आणि टीएस २३.३०४ ही मानके, ५जी साइडलिंक (फोन-ते-फोन थेट दुवा) रिलेचा अभ्यास-अहवाल टीआर ३८.८३६ आणि आरएएन२ व एसए२ या थ्रीजीपीपीच्या गटांच्या बैठकांत कंपन्यांनी मांडलेले कागद. हे कागद सर्वांना खुले असतात, त्यांवर तारीख असते आणि परीक्षक त्यांचा आधार घेतात. पेटंटमध्ये न सापडलेली गोष्ट कितीदा तरी अशा चार पानी कागदात सापडते. दोन-तीन संध्याकाळी त्यासाठी राखून ठेवा.

महोत्सवाबद्दल: कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्-संस्थेपुढे वाचलेला निबंध, अशा मोजक्या प्रसंगांनाच आहे, कॉलेजचा महोत्सव त्यात बसत नाही. नेमके काय उघड झाले ते आजच लिहून काढा. दोन फोन बोलताना दिसले, पण निवडीचा नियम कुणाला सांगितला नाही, पोस्टरवर आणि चित्रफितीतही तो नाही, तर तो नियम वाचू शकतो. यापुढे आधी अर्ज, मग प्रदर्शन. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज केला तर पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. व्यक्ती, स्टार्टअप व शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन दाखल शुल्क १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांत ही विनंती अग्रक्रम-तारखेपासून (शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत करावी लागते. जुने ४८ महिने आता धरू नका.

प्रश्न: आमच्या एकाच क्लेममध्ये दूरचा फोन, रिले फोन आणि टॉवर तिघांच्या पायऱ्या आहेत. पेटंट एजंट म्हणतात, तोडा. का? (नेरूळ)

उत्तर: एजंट बरोबर सांगतात. उद्या फोन बनवणारी कंपनी म्हणेल, आम्ही टॉवर चालवत नाही. टॉवर चालवणारी म्हणेल, आम्ही फोन बनवत नाही. तिन्ही पायऱ्या करणारा एकच सापडला नाही, तर असे पेटंट मंजूर होऊनही वापरणे अवघड जाते. दूरच्या फोनची पद्धत, रिले फोनची पद्धत आणि ती ती उपकरणे असे वेगळे स्वतंत्र क्लेम लिहा. प्रत्येकात त्या उपकरणाने स्वतः केलेलीच कामे ठेवा: ‘संदेश पाठवतो’, ‘संदेश मिळाल्यावर निवडतो’. टॉवरकडे काही नवे घडत नसेल, तर त्याचा क्लेम नको. दहाच्या पुढच्या प्रत्येक क्लेमला स्टार्टअपला ३२० रुपये आणि मोठ्या कंपनीला १,६०० रुपये पडतात. सगळे क्लेम एकाच शोधसूत्रात बसले पाहिजेत. टिकाऊपणाचा अंदाज आणि गुप्तलेखनाची किल्ली यांत नाते नसेल, तर कलम १६ खाली अर्जाची विभागणी करा.

प्रश्न: आमचा अर्ज आधी अमेरिकेत टाकायचा, असे मुख्य कंपनीचे म्हणणे आहे. (घणसोली)

उत्तर: संशोधक भारतात राहत असतील तर कलम ३९ लागू होते. फॉर्म २५ भरून परवानगी घ्या, किंवा इथे अर्ज करून ६ आठवडे थांबा. परवानगीशिवाय बाहेर गेलात तर भारतातला अर्ज सोडून दिला असे धरले जाते, आणि कायद्यात २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या इमारतीत सिग्नल वाढवायचा रिपीटर आणि फोनचा रिले यांत फरक काय? चाचणीसाठी रिपीटर लावला तर चालेल? (कासारवडवली)

उत्तर: दुकानातला रिपीटर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून पुढे पाठवतो. त्याचा आत येणारा आणि बाहेर जाणारा अँटेना जवळ असला, की तो स्वतःचेच ऐकून शिट्टी मारू लागतो आणि आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडते. फोनचा रिले पॅकेट उलगडून, तपासून, नव्याने पाठवतो. त्याला उशीर लागतो, पण गोंगाट पुढे जात नाही. परवानगीशिवाय असा रिपीटर बसवणे बेकायदा आहे, लावू नका. निवडीच्या नियमाची चाचणी परवानामुक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर करता येते. मोबाइल कंपन्यांच्या पट्ट्यावर करायची तर दूरसंचार विभागाचा प्रायोगिक परवाना घ्या, किंवा अँटेना काढून केबल आणि ॲटेन्युएटरने (सिग्नल हवा तितका कमी करणाऱ्या साधनाने) उपकरणे जोडा. केबलवरच्या चाचणीत घसरणीचा वेग तुम्हीच ठरवता, त्यामुळे जुना नियम आणि नवा नियम एकाच घसरणीवर चालवून तुलना करता येते. तक्त्यात दर १० मिनिटांत किती वेळा रिले बदलला आणि प्रत्येक वेळी डेटा किती मिलिसेकंद थांबला, हे दोन आकडे हवेत.

प्रश्न: सुनावणीची नोटीस आली आहे. अँटॉप हिलच्या मुंबई पेटंट कार्यालयात जावे लागेल का? (खारघर)

उत्तर: सुनावणी व्हिडिओवर होते. नोटिशीत राहिलेले आक्षेप क्रमाने दिलेले असतात. त्याच क्रमाने बोला आणि सुधारित क्लेम आधी पाठवून ठेवा. बोलून झाले तरी काम संपत नाही. लेखी म्हणणे सुनावणीपासून १५ दिवसांत गेले पाहिजे, आणि कंट्रोलर त्यावरच आदेश लिहितात. सुनावणीत तोंडी मान्य केलेला बदल या कागदात आला नाही, तर तो झालाच नाही असे समजा. तयारी झाली नसेल तर तहकुबी मिळते, पण दोनदाच, आणि प्रत्येक वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांची. नकाराचा आदेश आला तर तीन महिन्यांत अपील. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाले, त्यामुळे मुंबई पेटंट कार्यालयाच्या आदेशावरचे अपील आता मुंबई उच्च न्यायालयात जाते.