नऊ तास कुठून कुठपर्यंत मोजायचे

तुम्ही विचारले आहे की, नोकरीचे शहर विमानाने नऊ तासांवर असेल, तर वर्षातून दोनदा आईवडिलांना भेटून येणे जमेल का. परदेशात राहून काम करण्याच्या परवान्यांचे नियम अधिकृत संकेतस्थळांवर आहेत, ते मी पुन्हा लिहीत नाही. ‘नऊ तास’ वाचून मात्र राहवले नाही, कारण आठ वर्षांपूर्वी मीही हाच आकडा सांगून वडिलांची समजूत काढली होती.

विमाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात, म्हणून अंतराला ९०० ने भागून मोकळे होण्याचा मोह होतो. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे एका दिशेच्या विमानाला ढकलतात आणि दुसऱ्या दिशेच्या विमानाला अडवतात. लंडन ते न्यूयॉर्क या सुमारे ५,५५० किलोमीटरना जाताना साधारण आठ तास लागतात, परतताना सात. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्यामुळे एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले. उलट, २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाले आणि हेलसिंकीहून टोकियोला जायला साडेनऊऐवजी सुमारे तेरा तास लागू लागले. शहरे होती तिथेच होती.

शिवाय हा आकडा विमानतळापासून विमानतळापर्यंतचा असतो. माझे नऊ तास दारापासून दारापर्यंत एकोणीस भरतात. मध्ये विमान बदलायचे असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिले विमान रखडले की दुसरे तिकीट सहसा बुडते. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही आधी पाहा.

मुलाच्या शाळेचे मला अजून खुपते. जन्मतारखेच्या नियमावर बोट ठेवून त्याला एक इयत्ता मागे बसवले, आणि पुढे सुट्टीबाहेर चार दिवसांची रजा मागितली तर लेखी खुलासा मागितला. त्यामुळे तिकिटे सर्वांत महाग असतात नेमक्या त्याच आठवड्यांत आम्हाला प्रवास करावा लागतो. एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. त्याची सवय होते.

सवय झाली नाही ती परवान्याच्या नूतनीकरणाची. तिसऱ्या वर्षी माझा पासपोर्ट अकरा आठवडे तेथील कार्यालयात पडून होता, दर वेळी खिडकीवर नवा माणूस तोच कागद नव्याने मागत होता, आणि त्याच काळात वडिलांची शस्त्रक्रिया झाली. मी त्यांना फोनवर सांगितले की कागद अडकले आहेत, आणि ते खरेच होते. अर्ज मागे घेऊन पासपोर्ट परत मागता आला असता, हे मात्र सांगितले नाही. तसे केले असते तर परवाना, नोकरी आणि मुलाची शाळा हे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले असते, म्हणून मी तो मागितला नाही. वडील सुखरूप घरी आले आणि त्यांनी पुढे कधी विषय काढला नाही, त्यामुळे मलाही काढता आलेला नाही.

तेव्हा नूतनीकरणाची तारीख पाहूनच जाण्याचे महिने ठरवा. वर्षातून दोनदा जाणे मला पहिली दोन वर्षे जमले. त्यानंतरच्या सहा वर्षांत मी तीनदा गेलो आहे.