वाचकांचे प्रश्न: नोकरी हाती नसताना ब्रिटनचा व्हिसा

प्रश्न: माझ्या मुलीने जून 2024 मध्ये नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरची एम.एस्सी. पदवी मिळवली. ती 25 वर्षांची असून सध्या वेर्ण्याच्या एका कंपनीत नोकरी करते. हातात नोकरी नसली तरी ब्रिटनला जाता येते, पण अर्ज याच महिन्यात करावा लागेल, असे सांगून एका एजंटने दीड लाख रुपये मागितले आहेत. माझ्या सासऱ्यांचा जन्म 1948 साली फोंड्यात झाला, तेव्हा हे सगळे करण्यापेक्षा पोर्तुगीज पासपोर्टच काढावा, असे घरातले काही जण म्हणतात. आम्ही काय करावे?
(एक वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर: एजंट सांगतो तो व्हिसा खरोखरच आहे, मात्र याच महिन्यात अर्ज केला पाहिजे, असे कोणतेही बंधन तुमच्या मुलीवर नाही. नामवंत विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी ब्रिटनने 30 मे 2022 पासून ‘हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल’ हा व्हिसा सुरू केला. ब्रिटिश सरकार दरवर्षी ब्रिटनबाहेरच्या विद्यापीठांची एक यादी प्रसिद्ध करते आणि पदवी ज्या वर्षी प्रदान झाली त्या वर्षीच्या यादीत विद्यापीठाचे नाव असावे लागते. हे वर्ष 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर असे धरतात. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या छायाप्रतीत खालच्या बाजूला पदवी प्रदान झाल्याची तारीख आहे. शेवटची परीक्षा कधी झाली याला महत्त्व नसून हीच तारीख धरली जाते. सिंगापूरचे हे विद्यापीठ त्या वर्षीच्या यादीत आहे आणि पदवीनंतर पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येत असल्यामुळे तुमच्या मुलीला जून 2029 पर्यंत अवधी आहे. नोव्हेंबर 2025 पासून वर्षाला 8,000 अर्जांची मर्यादा घातली आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या दोन वर्षांची. पदव्युत्तर पदवीवर हा व्हिसा दोनच वर्षांसाठी मिळतो, तो वाढवून मिळत नाही, आयुष्यात एकदाच मिळतो आणि त्यावर काढलेला काळ कायम वास्तव्यासाठी मोजला जात नाही. तिथे पुढे राहायचे असेल, तर मुदत संपण्याआधी ‘स्किल्ड वर्कर’ म्हणजे कुशल कामगाराच्या व्हिसासाठी प्रायोजक होऊ शकणारी कंपनी मिळवावी लागते, आणि त्यासाठी जुलै 2025 पासून सर्वसाधारण किमान वार्षिक वेतन 41,700 पौंड आहे. अर्जाच्या दिवशी वय 26 पेक्षा कमी असेल तर ही मर्यादा 33,400 पौंडांपर्यंत खाली येते. परंतु तुमची मुलगी दोन वर्षे पूर्ण करून त्या टप्प्यावर पोहोचेल तेव्हा वयाची ही सवलत तिच्या हातून गेलेली असेल. म्हणून आधी विमानात बसायचे आणि मग नोकरी शोधायची, हा क्रम मला पटत नाही. परदेशी कामगार नेमण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची नोंदवही ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तिने वेर्ण्याची नोकरी न सोडता, रोज संध्याकाळी तासभर बसून आपल्या विषयातल्या अशा कंपन्या निवडाव्यात आणि इथूनच अर्ज पाठवायला सुरुवात करावी. दोनचार ठिकाणी मुलाखतीपर्यंत मजल गेली, की मग व्हिसा काढावा.

पैशांचेही स्पष्ट सांगतो. व्हिसाच्या शुल्काशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे दोन वर्षांचे 2,070 पौंड, आगाऊ भरावे लागतात. रुपयांत ही रक्कम दोन लाखांच्या वर जाते. शिवाय 1,270 पौंड सलग 28 दिवस खात्यात असावे लागतात, एक्टिस या संस्थेकडून पदवीची पडताळणी करून घ्यावी लागते आणि भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी सक्तीची आहे. अर्ज ऑनलाइन असून तो स्वतः भरता येतो. एम.एस्सी. झालेल्या मुलीला त्यासाठी दीड लाखांचा मध्यस्थ कशाला हवा?

पोर्तुगीज पासपोर्टबद्दल आपल्याकडे अजूनही मोठा गैरसमज आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना तो मिळवता येतो, हे खरे. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे, 31 डिसेंबर 2020 पर्यंत तिथे राहायला न गेलेल्या पोर्तुगीज नागरिकालाही आता नोकरीसाठी व्हिसा लागतो. त्या पासपोर्टवर लिस्बनला किंवा बर्लिनला काम करता येईल, ब्रिटनमध्ये नाही. त्यातच स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले, की 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते. दोन वर्षांच्या नोकरीसाठी एवढा मोठा निर्णय घरातल्यांच्या आग्रहाखातर घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: मी बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातून अभियंता झालो. मला हाच व्हिसा मिळेल का?
(एक वाचक, वास्को)

उत्तर: नाही, त्या यादीत भारतातले एकही विद्यापीठ नाही. मात्र 18 ते 30 वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स’ ही वेगळी योजना आहे. वर्षाला 3,000 जागा, दोन वर्षांचे वास्तव्य, खात्यात 2,530 पौंड आणि निवड सोडतीने, असे तिचे स्वरूप आहे. सोडतीत नाव नोंदवायला शुल्क नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी मोजकेच दिवस खुली असते, तेव्हा पासपोर्टची मुदत आजच तपासून ठेवा.