एकाच बिअरची वही

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे सात पानी पत्र पोहोचले. उद्यमबागेतल्या कारखान्यात महिनाभर यंत्रावर उभे राहायचे, पगार झाला की शनिवारी रात्रीच्या गाडीने पुणे गाठायचे, रविवारची दुपार डूलाली या तिथल्या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या जागेच्या, बिअरसोबत घालवायची आणि सोमवारी पहिल्या पाळीला पुन्हा हजर व्हायचे, हे तू वर्षभर करतो आहेस, हे वाचून मला खरोखर आनंद झाला. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने या विषयावर तरुणाला पत्र लिहिण्याची रीत नाही. परंतु साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेचे काम करताना माझी बत्तीस वर्षे यीस्टच्या, म्हणजे साखरेचे मद्य करणाऱ्या सूक्ष्म बुरशीच्या, संगतीत गेली आहेत, आणि तू सव्वीस वर्षांचा कमावता गृहस्थ आहेस, तेव्हा संकोच बाजूला ठेवून लिहितो.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. या ब्रुअरीबद्दल मराठीत सविस्तर लिहावे का, आणि नोकरी सोडून बिअर बनवण्याची विद्या शिकावी का. दुसऱ्या प्रश्नाकडे मी नंतर येतो, कारण त्याचे उत्तर पहिल्याच्या पोटात आहे.

तुझ्या पत्रात मला सर्वांत आवडलेला भाग नावाबद्दलचा आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक महिनोन्‌महिने अडकून पडत, त्यांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे, आणि त्या अवस्थेला त्यांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, हे मात्र तुझ्या पत्रातून सुटले आहे. ते आवर्जून लिही. 2009 साली पुण्यात सुरू झालेल्या, देशातल्या अगदी सुरुवातीच्या क्राफ्ट, म्हणजे थोड्या प्रमाणात निगुतीने बिअर बनवणाऱ्या, ब्रुअरींपैकी एका ब्रुअरीच्या नावात आपल्याच मुलखातले एक गाव इंग्रजी उच्चार घेऊन बसले आहे, हे मराठी वाचकाला कळले की ती जागा त्याला परकी वाटणार नाही. ओलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्या मुख्य कारागिराने, तिथल्या बिअरचा पाया घातला, हेही तू नोंदवले आहेस, ते योग्यच आहे.

पण त्यानंतरच्या पाच पानांत मला बिअर सापडली नाही. ‘अप्रतिम’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. गव्हाची जर्मन हेफेवाइझन अप्रतिम, गव्हाचीच बेल्जियन विटबिअर अप्रतिम, ओट घातलेली काळी ओटमील स्टाउट तर फारच अप्रतिम. एवढ्या प्रेमाने लिहिलेल्या पानांवर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, त्याचा राग मानू नकोस. प्रेम खरे आहे म्हणूनच त्याला नेमके शब्द मिळायला हवेत, आणि ते शब्द तुझ्या घरातच आहेत. हेफेवाइझनमध्ये केळे किंवा लवंग यांपैकी काहीही घातलेले नसते. तो पिकल्या केळ्याचा वास आणि ती लवंगेची झाक हे दोन्ही यीस्टचे काम असते, आणि आंबवण्याचे तापमान थोडे वरखाली झाले की दोघांतले कोण पुढे येईल हे बदलते. विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. तुझी आई मसाल्यासाठी धने भाजायला घेते तेव्हा तव्यावर टाकल्या टाकल्या जो पहिला, लिंबासारखा वास उठतो, तो पेल्यात सापडतो का, ते शोध. कॅरॅमल माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीची, गोडी ओळखायची असेल तर खडे बाजारातून पावशेर कुंदा आण; दूध आटता आटता तपकिरी होत जाते तेव्हा येणारा खमंगपणा आणि भट्टीत माल्टला दिलेल्या आचेतून येणारा खमंगपणा हे जवळचे नातलग आहेत. काळपट स्टाउटसाठी करपण्याच्या अगोदर उतरवलेली कॉफी आणि गुऱ्हाळावरची काकवी या दोन्ही गोष्टी तुला लहानपणापासून ठाऊक आहेत. अशी ओळख मनात पक्की झाली की ‘अप्रतिम’ लिहायला हात धजणार नाही.

माझे मुख्य सांगणे आता लिहितो. पुढचे बारा महिने तू एकच बिअर पी. जाशील तेव्हा तीच, पहिला पेला तोच. विटबिअर निवड, कारण ती फिकट असते आणि फिकट बिअरमध्ये दोष लपवायला जागा नसते. दर वेळी नवे काहीतरी चाखण्याचा मोह तुझ्या वयात मोठा असतो आणि फळ्यावर नवी नावे लिहून ब्रुअरीही तो वाढवत असते. पण तीस प्रकारची बिअर एकेकदा चाखलेल्या माणसाला त्या ब्रुअरीबद्दल जे कळते, त्यापेक्षा एकच बिअर तीस वेळा चाखलेल्याला पुष्कळ अधिक कळते. एक साधी वही कर. त्यात तारीख, पेला समोर आला तेव्हाचा फेस आणि तो किती वेळ टिकला, रंग, पहिला वास, पेल्याचा गारवा थोडा उतरल्यानंतरचा वास, घोट गिळल्यावर जिभेवर राहिलेली चव, एवढेच लिही. अर्धा पेला पिऊन झाल्यानंतर लिहिलेले धरू नकोस. उन्हाळ्यातली वहीची पाने आणि पावसाळ्यातली पाने शेजारी ठेवून वाचशील तेव्हा एकाच नावाच्या बिअरमध्येही किती हालचाल असते आणि ती हालचाल आवरून धरण्यासाठी तिथल्या माणसांना काय करावे लागत असेल, याचा तुला अंदाज येईल. माझा त्यांच्याबद्दलचा आदर अशाच वहीतून वाढला आहे.

आणि वहीत खोटे लिहू नकोस. मी हे का सांगतो, त्यामागे माझी एक जुनी चूक आहे. मी नोकरीत नवा असताना एका सकाळी एका फर्मेंटरमधून, म्हणजे मळी आंबवण्याच्या टाकीतून, आणलेल्या नमुन्याला मला व्हिनेगरसारखा किंचित आंबट वास आला. ज्यांनी मला काम शिकवले त्या वरिष्ठांनी तो फर्मेंटर स्वतः लावला होता. त्यांच्यावर माझी श्रद्धा होती, म्हणून मी स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवला आणि नोंदवहीत ‘सर्वसामान्य’ असे लिहिले. संध्याकाळपर्यंत जंतूंनी सगळी मळी नासवून टाकली होती आणि ती ओतून द्यावी लागली. वरिष्ठ माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “सकाळी कळलं नव्हतं का रे तुला?” मला कळले होते. ज्या जागेवर आपले प्रेम आहे तिथेच नाक आणि जीभ सर्वांत लवकर गप्प बसतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून दोषांचे वासही शिकून घे. कोणत्याही बिअरला लोण्याचा वास आला तर ती यीस्टच्या हातून घाईने काढून घेतली असण्याची शक्यता असते, कारण तो वास निर्माण करणारे द्रव्य यीस्ट आधी सोडते आणि सवड मिळाली तर स्वतःच परत शोषून घेते. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळी कमी पडली किंवा भांड्यावर झाकण राहिले, असा संशय घ्यावा. कच्च्या सफरचंदासारखा वास हीसुद्धा अपुऱ्या वेळेची खूण. कधी कुठे असे आढळले तर चारचौघांत बोभाटा न करता काउंटरवरच्या माणसाला हळूच विचार. चांगला ब्रूअर त्या प्रश्नाने दुखावत नाही. तो स्वतः पेला मागवून वास घेतो, आणि पुढच्या वेळी तुला नावाने ओळखतो.

आता पाण्याबद्दल, कारण ‘प्रादेशिक’ हा शब्द तू वापरला आहेस आणि त्याचा अर्थ मला पाण्यातच दिसतो. पेल्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो. 1842 साली बोहेमियातल्या पिल्सेन गावी योझेफ ग्रोलने जी सोनेरी बिअर काढली, तिच्यामागे तिथले अत्यंत मृदू पाणी होते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम हा क्षार होता, म्हणून तिथल्या पेल एल या फिकट बिअरमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा कोरडा आणि ठसठशीत उतरला. आज ब्रुअरी पाणी गाळून त्यात हवे ते क्षार मोजून घालते, तरी मूळ जाणून घ्यायलाच हवे. आपला जिल्हा यासाठी उत्तम शाळा आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जांभ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात डाळ लवकर शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो. पूर्वेला अथणीकडच्या काळ्या जमिनीत गेलास की कूपनलिकेच्या पाण्याने भांड्याला पांढरी पुटे चढतात. कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आपल्या बायकांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी माहीत असते. ब्रूअरलाही आधी तेच विचारावे लागते.

तू लिहिले आहेस की कधीकाळी आपल्या बेळगावात ब्रुअरी निघाली तर तिथे बेळगावी बासमतीची बिअर असावी. कल्पना गोड आहे, पण तिच्या मागे लागू नकोस. त्या तांदळाचा सुगंध फार उडता असतो आणि बिअरचा काढा तासभर खळखळून उकळावा लागतो. त्या तासात ज्याच्यासाठी तांदूळ घेतला तेच वाफेबरोबर निघून जाईल आणि पेल्यात फक्त नाव उरेल. नाचण्याचे मात्र मला मनापासून पटते. बाळासाठी नाचणा भिजवून, मोड आणून, सुकवून, दळून सत्त्व करणारी तुझी आजी जे करत आली, तेच बार्लीवर केले की त्याला माल्टिंग म्हणतात. हे स्वतः पाहा. नाचण्याच्या पिठाची दाट पेज शिजव, ती 65 अंश सेल्सिअसपर्यंत निवू दे, त्यात मोड आणलेल्या नाचण्याचे पीठ मूठभर मिसळ आणि तेवढीच ऊब धरून ठेव. चमचा उभा राहील अशी पेज थोड्या वेळात पळीवाढी पातळ होते आणि अर्ध्यापाऊण तासात गोड लागू लागते. मोडातल्या विकरांनी पिठाची साखर केलेली असते. आयोडीनचा एक थेंब सुरुवातीला टाकला तर निळाकाळा रंग येतो. शेवटी तो फिका पडत जातो. नाचण्याला बार्लीसारखे टरफल नसते, त्यामुळे तो गाळताना चोंदतो, हेही त्याच वेळी तुझ्या लक्षात येईल. इथे थांब. ती पेज आंबवून घरी बिअर करण्याचा उद्योग करू नकोस. 1965 च्या कर्नाटक अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे, आणि ज्याला हे काम पुढे करायचे आहे त्याच्या नावावर असा डाग कायमचा राहतो. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने येताना गाडीत बाटल्या भरून आणू नकोस आणि पिऊन गाडी तर मुळीच चालवू नकोस. त्या घाटात मी ओळखीची दोन माणसे गमावली आहेत.

राहिला नोकरीचा प्रश्न. आत्ता सोडू नकोस. ब्रुअरीतला बहुतेक वेळ धुण्यात जातो: टाक्या, नळ्या, झडपा, कॉस्टिकचे पाणी, पुन्हा साधे पाणी. ज्याला स्टीलच्या भांड्याचा जोड कुठे नीट घासलेला नाही आणि जंतू कुठे लपतील हे बोट फिरवून कळते, त्याला तिथे मान आहे, आणि ती समज तुला उद्यमबागेत रोज मिळते आहे. वही पुरी झाली आणि ओढ तशीच राहिली, तर बेंगळुरूत 2010 पासून मायक्रोब्रुअरी, म्हणजे लहान ब्रुअरी, वाढत आल्या आहेत, तिथे मदतनीस म्हणून आत शिर. तुला मराठीइतकीच सफाईने कन्नड येते; टाक्यांपाशी काम करणाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्याला शिकायला वेळ लागत नाही. तुझ्या वडिलांशी मी बोलेन, पण वही पाहिल्यावर.

एक वस्तू तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. माझा जुना हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड आहे हे मोजणारी काचेची नळी, आहे, काच शाबूत आहे. हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावर जाऊन ताज्या उसाच्या रसात तो बुडवून पाहा आणि वाचायचा सराव कर. आंबवण्याआधी 1.050 आणि नंतर 1.010 असे वाचन आले, तर दोहोंतल्या फरकाला 131 ने गुणून मद्यार्क साधारण सव्वापाच टक्के निघतो. हे गणित तोंडी करता आले पाहिजे. दिवाळीला गावी जाशील तेव्हा खानापूरच्या तुमच्या विहिरीचे पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, तारीख लिहून आण. माझ्याकडे थोडे रसायन शिल्लक आहे, आपण त्याची कठीणता मोजू. येताना वहीही आण, कितीही कमी पाने भरलेली असली तरी.

तुझा,
काका