तरंगमबाडीचे न्यू जेरुसलेम चर्च कोणी व कधी बांधले?

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी हे त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यातील बंदर होते. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युटशाऊ हे लुथरन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे दोन जर्मन धर्मोपदेशक 1706 मध्ये येथे उतरले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जेरुसलेम नावाचे लहानसे चर्च उभारले. ते अपुरे पडू लागल्यावर 1717 मध्ये नव्या वास्तूची पायाभरणी झाली आणि 1718 मध्ये ती उपासनेसाठी खुली करण्यात आली. तेच आजचे न्यू जेरुसलेम चर्च होय.

इमारतीचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. दर्शनी भागावर मुकुटाखाली गुंफलेली राजाची आद्याक्षरे आजही दिसतात, ती आवर्जून पाहावीत. तमिळमध्ये बायबलचा ‘नवा करार’ हा भाग छापून घेणारे झीगेनबाल्ग 1719 मध्ये अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारले आणि त्यांना याच चर्चमध्ये दफन करण्यात आले. 2004 च्या त्सुनामीनंतर वास्तूची दुरुस्ती झाली.

मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा एक धागा म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. 1750 मध्ये तरंगमबाडीस आलेले हे धर्मोपदेशक पुढे तंजावरला गेले आणि दुसरे सरफोजी राजे भोसले यांचे गुरू व पालक झाले. त्यांच्या निधनानंतर सरफोजी राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले, जे तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे.